तेलोबांचे व्हायोलिनाध्ययन

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका निवृत्त यंत्रसेवकाने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी व्हायोलिन नामक वाद्याचे अध्ययन कसे आरंभिले, त्या अध्ययनात कोणता अनर्थ ओढवला आणि त्यातून त्याला कोणी बाहेर काढले, हे क्रमाने व पदरचे काही न घालता निवेदन केले जाईल. कथेत युद्ध नाही, खून नाही, आणि श्रीमंत मनुष्य एकही नाही. तथापि एका गृहस्थाची सगळ्या जन्माची इच्छा येथे पणाला लागलेली आहे, एवढे ध्यानी धरून वाचावे, ही विनंती.

सदर गृहस्थांना सर्वजण तेलोबा म्हणत. दोरखंडाच्या कारखान्यात छत्तीस वर्षे यंत्रांना तेल देण्याचे काम केल्यावर त्यांचे जन्मनाव पगाराच्या पाकिटावर तेवढे उरले होते. हातात लांब नळीची तेलाची कुप्पी घेऊन ते सकाळी कारखान्याच्या दारात डोळे मिटून उभे राहत आणि सांगत, की चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या यंत्राचे डावीकडचे बेअरिंग उपाशी आहे. जाऊन पाहावे तर ते उपाशीच असे. "जे वाजतं ते झिजतं," हा त्यांचा सिद्धान्त होता. ज्याचा आवाज येतो ते दुःखात आहे आणि ज्याचा येत नाही ते सुखात आहे, अशी त्यांनी सृष्टीची सरळ दोन भागांत वाटणी करून टाकली होती.

निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातील सर्व बिजागऱ्या, खिडक्या, कपाटे, पंखा आणि एक घडीची खुर्ची यांना तेल दिले. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांची फाटके उरकली. तिसऱ्या आठवड्यात करण्यासारखे काही उरले नाही, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी छत्तीस वर्षे यंत्रांच्या गोंगाटात आली नव्हती. ती अशी, की आपले बोलणे घरात कोणीही ऐकत नाही.

यात त्यांच्या पत्नीचा दोष नव्हता. लग्न झाल्यापासून जेवताना तिने बेअरिंग आणि वंगण यांखेरीज दुसरा विषय ऐकला नव्हता. सहनशक्ती संपल्यावर तिने "हं" म्हणण्याची एक पद्धत बसवून घेतली. तेलोबांचे वाक्य संपले की हं, दुसरे संपले की हं. एकदा परीक्षा पाहावी म्हणून तेलोबा म्हणाले, की आज कारखान्याचे छप्पर उडून गेले आणि साहेब त्याला लोंबकळत गेले. पत्नी म्हणाली, "हं, बरं झालं." त्या दिवसापासून तेलोबांच्या मनात एक इच्छा घर करून बसली. मरण्यापूर्वी एकदा तरी हिने आपले काहीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे. मग ते काहीही असो.

असे दिवस चालले असता एके दिवशी सायंकाळी चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानापुढून जाताना तेलोबांनी कान टवकारले. वरच्या मजल्यावर काहीतरी भयंकर करकरत होते. उपाशी तर होतेच, पण कित्येक वर्षांचे उपाशी असावे असा तो आवाज होता. तेलोबांनी खिशातील कुप्पी चाचपली आणि परोपकारबुद्धीने ते जिना चढून गेले.

वर एका खोलीत सात माणसे हनुवटीखाली लाकडी पेट्या धरून उभी होती आणि एक सडपातळ बाई टेबलावर पेन्सिल आपटून ताल धरीत होती. ती व्हायोलिनची शिक्षिका. तेलोबांनी नम्रपणे विचारले, की यांपैकी कोणाला तेल द्यायचे आहे. बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि ही संगीताची शिकवणी आहे, गॅरेज नव्हे, असे थंडपणे सांगितले. तेलोबा ओशाळले, परंतु खोड जाईना. जाता जाता म्हणाले, "त्या खिडकीजवळच्या ताईंची तिसरी तार मात्र बसते त्या ठिकाणी तिरकी आहे हो. म्हणून मधेच दोन आवाज येताहेत."

बाईंनी जाऊन पाहिले. तारांखालची घोडी खरोखरच एका केसाइतकी सरकली होती. गेले तीन आठवडे बाई त्या शिष्येला बोटे नीट ठेवत नाहीस म्हणून रागावत होत्या. त्या पुन्हा टेबलाशी आल्या आणि त्यांनी विचारले, "काका, शिकता का?"

तेलोबा नाही म्हणणार होते. इतक्यात त्यांचे लक्ष भिंतीलगतच्या बाकाकडे गेले. बाकावर शिष्यांचे नातेवाईक बसले होते, आणि ती भयानक करकर ते गुडघ्यांवर हात ठेवून, मान कलती करून, अगदी शेवटपर्यंत ऐकत होते. कोणी "हं" म्हणत नव्हते. जेवताना सांगितले तर कोणी ऐकत नाही, आणि हनुवटीखाली धरून करकरवले तर माणसे बाकावर येऊन बसतात, हा शोध तेलोबांना त्या क्षणी लागला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नाव घातले आणि एक जुने व्हायोलिन विकत घेतले.

येथून अध्ययनाचा भाग सुरू होतो. व्हायोलिनला चार तारा असतात, त्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात आणि त्या गजाने वाजवतात. गज म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेली काठी. येथवर तेलोबांना सर्व मान्य होते. परंतु पहिल्याच दिवशी बाईंनी मधासारख्या रंगाची एक वडी काढली, तिला राळ म्हणतात असे सांगितले, आणि ती गजाच्या केसांवर घासायला लावली.

"ह्याने काय होतं?" तेलोबांनी विचारले.

"केस खरखरीत होतात. मग ते तारेला धरतात."

तेलोबांना वाटले, आपण चुकून काही भलते ऐकले. धरू नये म्हणून ज्यांनी छत्तीस वर्षे घालवली, त्यांना धरावे म्हणून पदार्थ लावायला सांगितले जात होते. बेअरिंगमध्ये मूठभर वाळू टाक म्हणून साहेबाने हुकूम द्यावा, तसा त्यांच्या जिवाला चटका बसला. बाईंनी समजावले, की गज तारेला धरतो आणि सोडतो, धरतो आणि सोडतो, म्हणून तार बोलते. धरलेच नाही तर ती बोलणार कशी? तेलोबांनी मान डोलावली. परंतु पालथ्या घड्यावर पाणी. बाईंची पाठ वळली की ते राळेची वडी केसांवरून अशी फिरवत, की कंजूष यजमानाने पाहुण्याच्या पोळीवर तूप फिरवावे. त्यामुळे त्यांचा गज कधी धरी, कधी घसरे आणि कधी किंचाळे.

घरी ते आतल्या खोलीत सराव करीत. सराव सुरू झाला की पत्नी स्वयंपाकघराचे दार लावून घेई. दाराला तेल दिलेले असल्यामुळे ते लागल्याचा आवाज होत नसे. पण तेलोबांना मनात तो मोठा ऐकू येई. दर रविवारी पत्नीचा धाकटा भाऊ येई. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि भाऊजींची थट्टा करणे हा त्याचा सुट्टीचा उद्योग होता. एकदा तो चहा पिता पिता म्हणाला, "भाऊजी, खालचे विचारत होते, पेशंटला दवाखान्यात का हलवत नाही म्हणून." तेलोबांनी उत्तर दिले, की अजून दोन महिन्यांत पेशंट गाणे म्हणेल. मेहुणा म्हणाला, की तोवर नातेवाइकांनी धीर धरायला हवा.

कोणी काही म्हणो, तेलोबांचा कान अस्सल होता. चौथ्या महिन्याअखेर त्यांना चार ओळींची एक लहानशी धून तोंडपाठ झाली. एक सूर इकडचा तिकडे झाला तर त्यांना दाढ दुखल्यासारखे वाटे. बाईंनी जाहीर केले, की पुढच्या रविवारी दुपारी चारला शिष्यांचे वादन होईल, घरच्या मंडळींना घेऊन यावे.

तेलोबांनी पत्नीला सोमवारी विचारले, मंगळवारी विचारले. बुधवारी ती पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "येते. पण शेवटपर्यंत बसेन असं काही म्हणत नाही. किंचाळायला लागलं तर मी उठणार. माझं डोकं चढतं."

वाचकहो, सगळे मर्म या वाक्यात आहे. तेलोबा त्या रात्रीपासून एकच गोष्ट घोकू लागले, की धून चुकली तरी चालेल, पण किंचाळता कामा नये. धून चुकली तर हिला कळणार नाही. किंचाळली तर ही उठून जाईल, आणि उठून गेली तर या जन्मी पुन्हा येणार नाही.

रविवारी दोन वाजता त्यांनी अखेरची तालीम घेतली. तिसऱ्या ओळीत गज किंचाळला. पुन्हा घेतली, पुन्हा त्याच जागी किंचाळला. राळ लावावी हे त्यांना आठवत होते. पण राळेने किंचाळी कमी होते ही गोष्ट त्यांचे कान, हात आणि छत्तीस वर्षांची नोकरी यांपैकी कोणालाही पटेना. करकरणाऱ्या वस्तूवर जगात एकच औषध आहे. ते त्यांच्या खिशात होते.

त्यांनी कुप्पीतले कारखान्याचे जाड तेल वापरले नाही, एवढा विवेक दाखवला. पत्नीच्या शिलाई मशीनचे पातळ तेल घेतले. गजाच्या केसांवर तीन थेंब सोडून बोटाने टोकापासून टोकापर्यंत पसरवले, आणि चारही तारांना प्रत्येकी एक थेंब देऊन वरून मऊ फडके फिरवले. मग वाजवून पाहिले का? नाही. तेल दिल्यानंतर यंत्राला पाऊण तास हात लावायचा नाही, तेल मुरू द्यायचे, असा कारखान्याचा नियम होता, आणि तेलोबांनी तो आयुष्यात कधी मोडला नव्हता. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवले, पेटीचे कुलूप लावले आणि शांत चित्ताने सदरा बदलला.

शिकवणीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. पत्नी दुसऱ्या रांगेत कडेला बसली, म्हणजे उठायला सोपे जावे. शेजारी मेहुणा बसला. बाईंनी प्रत्येकाचे वाद्य घेऊन तारा अंगठ्याने छेडून पाहिल्या. छेडल्यावर तेलोबांच्या तारा छान वाजल्या. बाईंनी अंगठा पदराला पुसला आणि हळूच म्हणाल्या, "काका, डोक्याला तेल जरा कमी लावत चला. सगळीकडे लागतं."

तेलोबांचा क्रमांक सहावा होता. ते पुढे गेले, व्हायोलिन हनुवटीखाली घेतले, गज तारेवर ठेवला आणि ओढला.

गज गेला तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला. किंचाळी नाही, करकर नाही, कुरकुरसुद्धा नाही. तेलोबांना पहिल्याप्रथम विलक्षण समाधान वाटले. असे सुरेख चालणारे यंत्र त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. पहिली ओळ अर्धी झाल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आले, की किंचाळीबरोबर धूनही गेली आहे.

त्यांनी गज दाबला. गज अधिकच सुखाने घसरला. परंतु चालू यंत्र मध्येच बंद करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी बोटे बरोबर जागी ठेवीत, मान हलवीत, दुसरी ओळ घेतली, तिसरी घेतली. खोलीत सर्व मंडळी खुर्चीच्या टोकाला आली. पहिल्या रांगेतील एका आजोबांनी कानातील यंत्र काढले, तळहातावर आपटले, पुन्हा घातले आणि शेजारच्या मुलीकडे काळजीने पाहिले. मेहुणा तोंडावर रुमाल धरून खाली वाकला होता. कोणी म्हणेल, तेलोबांनी तेव्हाच थांबायला हवे होते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर एकच खुर्ची होती. पत्नी अजून बसलेली होती. चौथी ओळ संपली. तेलोबांनी गज खाली घेतला आणि वाकून नमस्कार केला. आजोबांनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई पुढे आल्या. त्यांनी गज हातात घेतला, केसांवरून बोट फिरवले आणि बोट नाकाशी नेले.

"काका, हे काय लावलंत?"

"शिलाई मशीनचं. भारीतलं आहे."

"कशाला?"

"किंचाळू नये म्हणून."

बाईंनी तारांवरूनही बोट फिरवले. दुसरा गज द्यावा तर तेलकट तारांवर तोही वाया जाणार. दुसरे व्हायोलिन द्यावे म्हणून त्यांनी शिष्यांकडे पाहिले, तर सर्वांनी आपापली वाद्ये पोटाशी धरली. शेवटी त्या म्हणाल्या, की आता राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. आणि नेमकी त्याच वेळी दुसऱ्या रांगेतील कडेची खुर्ची सरकली. पत्नी उठली.

तेलोबांनी मान खाली घातली. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी त्यांची अवस्था झाली. पण पावले दाराकडे जाईनात, ती जवळ येत होती. पत्नीने बाईंच्या हातातून गज घेतला, खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "तेलच लागलंय ना? मग ह्यात रडण्यासारखं काय आहे. ह्यांच्या सदऱ्यांचं तेल कोण काढत होतं इतकी वर्षं?"

"केस आहेत हो ते. फार नाजूक असतात," बाई म्हणाल्या.

"केस आहेत तर केसांसारखे धुऊ. मोरी कुठे आहे तुमची?"

उरलेल्या दोघांचे वादन होईपर्यंत ती थांबली, कारण दुसऱ्याच्या कार्यात नळ सोडू नये एवढी समज तिला होती. मंडळी पांगल्यावर तिने पदर खोचला. बाईंनी गजाचे केस ताणून धरणारा चाप सैल केला आणि काठीला पाणी लागू नये म्हणून ती टॉवेलात गुंडाळून धरली. पत्नीने डोक्याचा साबण कोमट पाण्यात फेसवला, चिमटीने थोडे थोडे केस धुतले, पुन्हा धुतले, आणि आपल्या पर्समधली फणी काढून शाळेला निघालेल्या मुलीचे विंचरावेत तसे ते विंचरले. बाईंनी कापसावर स्पिरिट घेऊन तारा पुसल्या. मेहुण्याला स्टुलावर चढवून पंख्याखाली गज धरायला लावले. तो पाऊण तास उभा होता.

"वाजवणारे भाऊजी आणि केस वाळवणारा मी," तो वरून म्हणाला.

"हात हलवू नकोस. गुंता होईल," बहीण खालून म्हणाली.

तेलोबा मात्र एका कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते. त्यांना कशालाही हात लावण्याची मनाई झाली होती. केस वाळले, तेव्हा बाईंनी राळेची वडी त्यांच्यापुढे धरली. "घासा. मी पुरे म्हणेपर्यंत."

तेलोबा घासू लागले. दहा वेळा घासून त्यांनी बाईंकडे पाहिले. बाई भिंतीकडे पाहत होत्या. वीस झाले, चाळीस झाले. पांढरी भुकटी उडून त्यांच्या सदऱ्यावर बसली. साठाव्या वेळी बाईंनी पुरे म्हटले. वर्षानुवर्षे पाळलेला सिद्धान्त आपल्याच हाताने झिजवल्यासारखे तेलोबांना वाटले. पण आता प्रश्न सिद्धान्ताचा नव्हता. पत्नी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर येऊन बसली होती, आणि तिने हात गुडघ्यांवर ठेवले होते.

गज तारेवर ठेवताच तेलोबांना तो फरक बोटांत जाणवला. त्याने तारेला धरले. धरले आणि सोडले, पुन्हा धरले आणि सोडले, आणि त्या रिकाम्या खोलीत एक जाडसर, किंचित पडसे झालेला, परंतु निःसंशय सूर उभा राहिला. तेलोबा इतके चकित झाले, की पुढचा सूर घ्यायला त्यांना उशीर झाला. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ झाली. तिसऱ्या ओळीत, भ्यावे त्याच जागी, गज किंचाळला.

तेलोबांनी एक डोळा उघडून पाहिले. पत्नीच्या कपाळाला आठी पडली होती. पण ती उठली नाही. त्यांनी चौथी ओळ घेतली आणि शेवटचा सूर गज संपेपर्यंत ओढला.

"तिसऱ्या ओळीत तुम्ही थांबला नाहीत," पत्नी म्हणाली.

"कुठे?"

"वर जाऊन खाली येता ना, तिथे जरा थांबता रोज. आज धावत आलात. म्हणून ते ओरडलं."

बाईंनी वहीत पाहिले. तिथे खरोखरच विश्रांतीची खूण होती.

"तू दार लावून घेत होतीस," तेलोबा म्हणाले.

"फोडणीचा धूर जातो आत. मग तुम्ही खोकता आणि सुरुवातीपासून वाजवत बसता. पुन्हा वाजवा, आणि थांबायचं तिथे थांबा."

तेलोबांनी पुन्हा वाजवले. थांबायचे तिथे ते इतका वेळ थांबले, की बाईंना वाटले, विसरले. पत्नी म्हणाली, एवढे नाही, निम्मे. त्यांनी तिसऱ्यांदा वाजवले. या वेळी तिसरी ओळ वर गेली, क्षणभर टेकली आणि न ओरडता खाली आली. पत्नीने चौथ्या ओळीबद्दलही एक शंका काढली. अखेर बाईंनी खिडक्या लावल्या आणि किल्ली हातात घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे मंडळी जिना उतरली.

घरी जाताना तेलोबांचे म्हणणे असे होते, की चौथ्या ओळीतला तो सूर दीड मात्रा मोजायचा. पत्नीचे म्हणणे, एकच. मेहुण्याने मध्ये पडून सव्वा सुचवला, तेव्हा दोघांनीही त्याला तुला काय कळतंय म्हणून गप्प केले. तेलोबा बोलत होते, ती खोडून काढीत होती, ते पुन्हा बोलत होते. घर केव्हा आले आणि मागे केव्हा पडले, हे दोघांनाही कळले नाही. मेहुण्याने हाक मारून त्यांना माघारी वळवले.

येथे ही कथा पूर्ण झाली. यात कोठे सूर चुकला असल्यास दोष लेखकाचा मानावा. तेलोबांचा मानू नये. शेवटपर्यंत बसून वाचणाऱ्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार मानून रजा घेतो.

आपला नम्र,
मोरेश्वर धोंडो खरवते